घरटी एक मत

खिळा दोरीने टेबलाला बांधलेला असतो, नाहीतर लोक घेऊन जातात. मतपत्रिकेखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवायचा, म्हणजे खिळा आरपार जातो आणि टेबलाला भोक पडत नाही.

*

कदुंगसोरे गावातली सगळी कुंपणं हिरवी आहेत. एकाने निळं रंगवलं होतं. त्याच्या मुलाच्या लग्नाचा दाखला सात आठवडे निघाला नाही. मग त्याने हिरव्या रंगाचा डबा आणला.

*

उमेदवार दोनपेक्षा कमी असतील तर गावप्रमुखाची निवडणूक घेता येणार नाही.

*

पिवळ्या भाताचा डोंगर करायचा तर बांबूच्या सुळक्याला आतून केळीचं पान लावावं लागतं. पान फाटलं की डोंगर बसतो.

*

रेत्नोची बॅग अकरा आठवडे भरून दाराशी उभी आहे. मधूनमधून तिची आई बॅगेवरची धूळ पुसते.

*

"घरटी एक. नीट ऐका हां, एकच. बाकीची सगळी पाकना."

*

आता जोडून सांगतो. मला जोडून सांगता येत नाही, गेल्या पाच आठवड्यांत तर अजिबातच नाही, पण प्रयत्न करतो.

मी वस्कितो, इथल्या प्राथमिक शाळेत शिकवतो आणि शाळा सुटल्यावर गावकचेरीत कारकुनी करतो. माझा आवाज मोठा आहे, म्हणून दर निवडणुकीला मतं वाचायला मलाच उभं करतात. बाकी माझी काही लायकी नाही.

पाक दार्सोनो बारा वर्षं गावप्रमुख; मानाने बोलताना पुरुषाला आम्ही पाक म्हणतो आणि बाईला बू. तिसऱ्यांदा उभे होते. आणखी दोघांनाही उभं राहायचं होतं. पण उभं राहायला रहिवासाचा दाखला लागतो, आणि तो पाक दार्सोनोंच्याच टेबलावरून निघतो. एकाच्या दाखल्यावर शिक्का मारायचा राहिला. दुसऱ्याची फाईल उंदरांनी खाल्ली. उंदीर पाहिलेला माणूस अजून मला भेटलेला नाही.

राहिला एक उमेदवार. एकावर निवडणूक होत नाही. तेव्हा पाक दार्सोनोंनी शेजारच्या गावांत करतात तेच केलं. बायकोला उभं केलं.

"इथे सही कर," ते म्हणाले.

बू वार्तिनी चुलीपाशी होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतले. त्रेचाळीस पानं.

"वाचत काय बसलीस? सही कर."

"भात शिजतोय तोवर वाचते."

"त्यात काही नाहीये. नियम आहेत नुसते."

"असू देत की."

मी तिथेच बसलो होतो, अर्ज न्यायला आलेलो. भात शिजला, उतरला, निवला. त्या वाचतच होत्या. एकतिसाव्या पानावर त्यांनी लाकडी चमचा खूण म्हणून ठेवला आणि मला चहा दिला.

*

मग पाक दार्सोनोंना एक काळजी लागली.

"हिला भोपळा मिळाला तर?" त्यांनी तुगिमानला विचारलं. तुगिमान म्हणजे आमच्या वरच्या वाडीचा मुखिया, पाकचा उजवा हात. "बायको आहे माझी. हिचं नाक कापलं म्हणजे माझंच कापलं."

"किती हवीत, पाक?"

"शे-दीडशे. लाजेकाजेपुरती."

तुगिमान हिशोबी माणूस. तीन वाड्या, तीनशे ऐंशी घरं. त्याने स्वतःच्या वाडीत नियम काढला: घरटी एक. बाकीच्या दोन वाड्यांच्या मुखियांना तो नियम इतका आवडला की त्यांनीही तोच लावला. शे-दीडशेची गोष्ट तीनशे ऐंशीवर गेली, पण कुणाला वाईट वाटलं नाही. अकराशे मतांत तीनशे ऐंशी म्हणजे हरलेल्या बाईचा मानही राहतो.

घरातल्या कुणी द्यायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

आणि आमच्याकडे घरात कुणी विचारत नाही. कुणाला देणार म्हणून बायकोला विचारणं म्हणजे तिच्या ताटात हात घालणं. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वाटलं, आपल्याकडे सभ्यपणा फक्त मलाच कळतो. नवऱ्याला वाटलं, ही काही देणार नाही, मीच देतो. बायकोला वाटलं, हे विसरतील, मीच देते. आणि मुलाला वाटलं, बू लहानपणी मला गूळ द्यायच्या.

हे सगळं मला नंतर कळलं. किंवा नंतर असं सांगण्यात आलं.

*

मतदानाचा दिवस.

शाळेच्या मैदानावर मांडव. मंचावर दोन खुर्च्या. उमेदवारांनी दिवसभर गावासमोर बसून राहायचं, ही आमची जुनी रीत. येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोरून जातो, मान झुकवतो आणि मग पडद्यामागे जाऊन खिळा हातात घेतो; ज्या चित्राला भोक, त्याला मत. पाकच्या डोक्यावर भाताच्या लोंबीचं चित्र टांगलेलं, बूच्या डोक्यावर मक्याचं कणीस. मतपत्रिकेवर फोटो असले तरी म्हातारे लोक पिकाच्या नावानेच बोलतात.

पाक काळ्या कोटात, डोक्याला घट्ट बसवलेली बाटिकची पगडी. बू सणाच्या जांभळ्या केबाया-पोलक्यात. नवरानवरी पुन्हा बसवलीत असं वाटत होतं.

"अहो, जरा जाऊन येते," बू पुटपुटल्या.

"बस गं."

"नारळाचं दूध फुटेल. मदतीची पोरगी तिकडे ढवळणार नाही."

"उमेदवाराने मंच सोडायचा नसतो. त्रेचाळीस पानं वाचलीस ना?"

समोरची रांग हसली. बूही हसल्या. विजयाचं जेवण त्याच रांधत होत्या: चाळीस माणसांचा पिवळा भात, कोंबडी, उकडलेली अंडी. नवऱ्याच्या विजयाचं.

म्हातारा सादिमान, सगळ्या गावाचा म्बाह म्हणजे आजोबा, करंगळीची शाई हवेत हलवत मंचाखाली थांबला. "बू, घाबरू नका हां. पडतील तुम्हालाही एकदोन."

"एकदोन नको हो, म्बाह. तीन तरी पाडा."

लोक पुन्हा हसले. पाकही पोट धरून हसले.

*

मोजणी.

मतपत्रिका उघडायची. दोन्ही हातांनी उजेडाकडे धरायची. भोकातून आलेला उजेड गावाला दाखवायचा. पिकाचं नाव घ्यायचं. मागे फळ्यावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

भात.

भात.

मका. (टाळ्या. बू उठून वाकल्या.)

भात. मका. भात.

मका. (टाळ्या.)

मका.

मका. (कुणीतरी शिट्टी मारली.)

भात. मका. मका. भात. मका.

शंभर झाल्या तेव्हा भात एकोणपन्नास, मका एक्कावन्न. "बघा, बघा, बू पुढे!" असं कुणीतरी ओरडलं आणि मैदान खळाळून हसलं. तुगिमान तर गुडघ्यावर थाप मारत होता.

दोनशे झाल्या. टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही.

मका. मका. भात. मका.

तीनशेला माझा आवाज बसायला लागला. खरं सांगायचं तर मीच तो बसवला. "मका" हळू म्हटलं तर कमी मोजला जाईल, असं काहीतरी वेडगळ माझ्या डोक्यात आलं असावं. मागून सादिमान ओरडला, "मोठ्याने, पाक गुरू! आम्ही बहिरे आहोत!"

मका.

मी तुगिमानकडे पाहिलं. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मका तीनशे ऐंशीच्या पार गेला तेव्हा त्याने हात खिशात घातले.

मका.

मैदानावर आठशे माणसं होती आणि एकही माणूस दुसऱ्याकडे बघत नव्हता. बायका आपल्या नवऱ्यांकडे बघत नव्हत्या. जो तो स्वतःच्या करंगळीच्या शाईकडे बघत होता.

मका.

"पाक गुरू." बूंचा आवाज. त्या उभ्या राहिल्या होत्या. "नीट बघा ना. भोक वर आहे का खाली?"

मी मतपत्रिका त्यांच्यासमोर धरली. भोक कणसाच्या मधोमध होतं. त्यातून येणारा उजेडाचा ठिपका त्यांच्या गालावर पडला. त्या एक पाऊल मागे सरल्या, तसा तो केबायावर उतरला.

"उलटी धरली असेल."

"नाही, बू."

*

पहिली मोजणी: मका ६१५. भात ४८९. बाद २३.

फेरमोजणीची मागणी लेखी करावी लागते. ती जिंकलेल्या उमेदवाराने केली. असं याआधी कुठे झालंय का ते तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो दोनदा म्हणाला, "पण तुम्ही जिंकलात."

"म्हणूनच," बू म्हणाल्या. "काहीतरी चुकलंय."

दुसरी मोजणी: मका ६१४. भात ४८९. बाद २४.

"पाक," त्या नवऱ्याला म्हणाल्या. संबंध गावासमोर, ध्वनिक्षेपक चालू असताना. "मी काहीसुद्धा केलेलं नाही."

पाक दार्सोनो एकदाच हसले. मग ते उठले, मंचाच्या तीन पायऱ्या उतरले आणि सरळ घरी गेले. इतिवृत्तावर दोन्ही उमेदवारांच्या सह्या लागतात. एक जागा कोरी राहिली.

मैदानावरून कुणी हललं नाही. जणू हलला तो पकडला जाईल.

*

भात मात्र तयार होता.

चाळीस माणसं बोलावलेली होती, ती आली. न येणं म्हणजे काहीतरी कबूल करणं झालं असतं. पाक आतल्या खोलीत दार लावून बसलेले. ओसरीवर पिवळ्या भाताचा डोंगर, सरळ, एक कण ढळलेला नाही. डोंगराचं टोक जिंकणाऱ्याने कापायचं आणि सगळ्यात मानाच्या माणसाला द्यायचं.

बूंनी टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि बंद दाराशी नेलं.

"अहो, टोक आणलंय."



त्यांनी पान उंबऱ्यावर ठेवलं. आम्ही चाळीस जण जेवलो. कोंबडी उत्तम झाली होती. कुणी तसं म्हटलं नाही. बाहेर पडताना तुगिमानने माझा दंड धरला.

"पाक गुरू, बूंना इतकी वर्षं आपण बू लुराहच म्हणतो. गावप्रमुखाची बायको म्हणून."

"मग?"

"मग आता पाकना काय म्हणायचं?"

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

*

नव्या प्रमुखाचा शपथविधी तीस दिवसांनी. तोवर जुनाच प्रमुख. जुनाच शिक्का.

चौथ्या दिवशी पाक दार्सोनो गावकचेरीत परत येऊन बसले. दाढी केलेली, कोट इस्त्रीचा. आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. जो दाखल्याला येईल त्याला. बँकेचं पत्र, दवाखान्यासाठी गरिबीचं पत्र, जन्म, लग्न, गाय विकणं. आमच्याकडे मरायलाही पत्र लागतं.

"कुणाला दिलंस?"

मिळालेली उत्तरं, जशी मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकली:

भाताला, पाक.

भाताला, पण बायकोचं सांगू शकत नाही.

भाताला, पण नवऱ्याचा काही भरवसा नाही.

मी बूला दिलं, पाक, पण तुमच्याच मुखियाने सांगितलं म्हणून. घरटी एक. आमच्या घरचं एक म्हणजे मी.

आमच्या घरचं एक म्हणजे मी. (सख्खा भाऊ, त्याच घरातला, दहा मिनिटांनी.)

मला चष्मा नव्हता.

भाताला. आईची शपथ. (आई मागे उभी होती. तिने मान वळवली.)

मी खिळा मारला तेव्हा डोळे मिटले होते, पाक, माझी तशी सवय आहे.

दहाव्या दिवसापर्यंत त्यांनी दोनशे बारा माणसांना विचारलं. त्यातल्या एकशे नव्वदांनी भाताला मत दिलं होतं. ते सगळं वहीत लिहीत होते. वही भरत चालली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. एवढं प्रेम असताना हरलो कसा?

माझं मला विचाराल तर, मक्याला किती मतं सभ्यपणाने दिली गेली आणि किती मनापासून, ते मला सांगता येत नाही. देणाऱ्यांनाही येईल असं वाटत नाही. बारा वर्षं मान झुकवून जाणारा माणूस पडद्यामागे एकटा खिळा हातात घेतो, तेव्हा त्याचा हात कुठे जातो हे त्याला तरी कळतं का? भोकाला नाव नसतं. ६१४ भोकं मी स्वतः उजेडाला धरली. सगळी सारखी.

*

अकरावा दिवस, शुक्रवार, दुपार.

रांगेत नऊ माणसं. सगळ्यात पुढे पोनिराह, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या विकणारी. रेत्नो तिची मुलगी. बॅग भरून बसलेली ती हीच. रेत्नोला परदेशात म्हाताऱ्यांची देखभाल करायचं काम मिळालं होतं. पोरगी तेवीस वर्षांची, आईची संमती, सगळं ठीक, फक्त गावप्रमुखाची सही नाही. "पोरींना बाहेर पाठवून गावाची अब्रू घालवायची नाही," असं पाक दीड महिन्यापूर्वी म्हणाले होते. आणि कामावर नेणारी तुकडी येत्या बुधवारी निघणार होती.

"कुणाला दिलंस, पोनिराह?"

"भाताला, पाक."

"शपथ घे. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तेवढ्यात बू वार्तिनी आत आल्या. हातात चार पुडांचा डबा. निवडून आल्या तरी रोज दुपारी त्या हरलेल्या नवऱ्याला कचेरीत जेवण आणून देत होत्या आणि ते रोज डबा न बोलता घेत होते.

"पोनिराह," त्या म्हणाल्या, "सांगू नका."

पाकनी मान वर केली. "डबा ठेव आणि घरी जा."

"हे विचारता येत नाही, अहो. कुणालाच. पान एकतीस."

"कसलं पान?"

"तुम्ही सही करायला दिलेले कागद. मत गुप्त असतं. प्रमुखानेही विचारायचं नसतं."

या कचेरीत पाक दार्सोनोंना कुणी पान क्रमांक सांगितलेला मी ऐकला नव्हता.

पाक रागावले नाहीत. त्यांनी खण उघडला आणि एक टंकलेला कागद काढला. त्याच्या शेजारी रेत्नोचा दाखला ठेवला. मधे पेन.

"ठीक," ते शांतपणे म्हणाले. "ही तुझी माघार. शपथविधीच्या आधी तू माघार घेतलीस की निवडणूक पुन्हा. हा पोरीचा दाखला. तू इथे सही कर. मी तिथे करतो."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक, किक, किक.

पोनिराहने बूंकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, नका करू.

"करा ना, बू," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे व्हायचं होतं प्रमुख? तुम्हीच तर फेरमोजणी मागितलीत. तुमचं काय जातंय? माझी पोरगी बुधवारी जाईल."

हे ऐकून बूंचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्याच्या कागदाने नव्हता पडला. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला, माघारीचा कागद उचलला आणि वाचायला लागल्या. चार ओळींचा कागद. त्या बराच वेळ वाचत होत्या.

"इथे 'स्वेच्छेने' लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"तसं लिहावंच लागतं."

"पण ते खोटं आहे."

"वार्ती, सही कर."

"तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत." बूंनी कागद खाली ठेवला, कडा टेबलाच्या कडेला जुळवून. "दोनशे माणसांना. मला नाही विचारलंत."

"तुला काय विचारायचंय? तू मलाच दिलं असणार."

"असणार?"

मोटारसायकल सुरू झाली आणि लांब गेली. पाक दार्सोनोंनी बायकोकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांचा संसार. ही कधी शिंकणार तेही त्यांना आधी कळायचं, असं ते अभिमानाने सांगायचे.

"कुणाला दिलंस, वार्ती?"

"सांगणार नाही."

मी आजवर या माणसाला आरडाओरडा करताना पाहिलंय, टेबलावर हात आपटताना पाहिलंय. घाबरलेला कधी पाहिला नव्हता. रांगेतल्या नऊ माणसांचे चेहरेही तसेच झाले होते. बूंनी वेगळं काही म्हटलं असतं, म्हणजे "मला दिलं" किंवा "तुम्हाला दिलं" यातलं काहीही, तर ते आम्हाला समजलं असतं. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, संपलं असतं. पण ती बाई आपल्या नवऱ्यासमोर उभी राहून म्हणत होती की माझ्यात एक जागा अशी आहे जिथे तुम्ही येऊ शकत नाही. आणि ती चिडलेलीही नव्हती.

"मलासुद्धा नाही?"

"तुम्हालासुद्धा नाही. जेवून घ्या, गार होतंय."

ते जेवले नाहीत. उठले, खुर्ची सरकवली, नेहमीप्रमाणे कोटाचं बटण लावलं आणि निघून गेले. वही, पेन, दोन्ही कागद आणि शिक्का टेबलावर तसाच.

*

शिक्का.

"बू," पोनिराह कुजबुजली. "तो शिक्का आहे ना."

"आहे."

"लावा की. कोण बघतंय?"

तशी नऊ माणसं आणि मी, दहा जण बघत होतो. आणि दहाच्या दहा जणांना बूंनी शिक्का लावावा असंच वाटत होतं. मलाही, शपथेवर सांगतो.

"अजून मी प्रमुख नाही, पोनिराह. एकोणीस दिवस आहेत."

"एकोणीस दिवसांनी काय करायचाय दाखला? तुकडी बुधवारी निघतेय!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"मला अधिकार नाही."

"अधिकार!" पोनिराहचा आवाज फाटला. "लोकांनी सहाशे मतं दिलीत तुम्हाला! पाकना अधिकार नसताना ते बारा वर्षं वाट्टेल ते करत होते. तुम्ही एक शिक्का मारू शकत नाही? तुमच्यापेक्षा ते बरे. ते निदान सरळ नाही म्हणतात."

बूंचे डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, जणू पुसलं तर आपण रडतोय हे ठरून जाईल. पोनिराहने दाखला टेबलावरून ओढून घेतला, तो जरासा फाटला. ती गेली. मग बाकीचे आठ जणही, एकेक करत.

बूंनी शाईच्या डबीचं झाकण लावलं. उघडी राहिली तर वाळते. शिक्क्याला त्यांनी हात लावला नाही.

"पाक गुरू, कुलूप तुम्ही लावा. माझ्याकडे किल्ली नसते."

त्या संध्याकाळी त्या पाकच्या मागे लागल्या, हात जोडले, पाय धरले, असं शेजारचे सांगतात. पोरीच्या सहीसाठी. स्वतःसाठी काही मागितलं नाही. पाकनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. बुधवारी तुकडी रेत्नोशिवाय गेली.

*

शनिवारपासून पाक दार्सोनो कचेरीत यायचे, बसायचे. कुणाला काही विचारलं नाही. कशावर सहीही केली नाही. माघारीचा कागद टेबलावर पडून होता. कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला, तेव्हापासून त्यावर गोल डाग आहे.

तिसाव्या दिवशी तालुक्याहून अधिकारी आला. शपथ झाली. बूंनी पहिला कागद मागवला तो रेत्नोचा. फाटलेल्या जागी मी चिकटपट्टी लावून दिली. पुढची तुकडी तीन महिन्यांनी.

पोनिराहने तो वाचला, घडी केली, टेंप्याच्या टोपलीत ठेवला. आभार मानले नाहीत. बूंनीही त्याची वाट पाहिली नाही. "पुढचा," त्या म्हणाल्या.

पुढचा होता म्हातारा सादिमान, गाय विकायचं पत्र घेऊन.

"काय हो म्बाह, कशाला विकताय?"

सादिमानने मान तिरकी केली. "ते सांगावं लागतं का, बू?"

बूंनी क्षणभर विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या आणि सही केली.

*

मतदानाच्या दिवशी सकाळी सव्वासातला, पहिलं मत टाकून मंचावर चढताना, पाक दार्सोनोंनी मला हसत सांगितलं होतं की त्यांनी स्वतःचं मत बायकोला दिलं.